निकाल लागल्यावरचा शहाणा

मोबाइल उलटा ठेव. बस. आणि आज मध्येमध्ये बोलू नकोस, तुझी बोलायची पाळी रोजच असते.

टेंभुर्णीत महामार्गाकडेच्या टपरीवर संध्याकाळी तुझा दरबार भरतो, हे कानावर होतं. परवा प्रत्यक्ष ऐकलं. एका कटिंगमध्ये तू तीन कर्णधार बदललेस, दोन प्रशिक्षक घरी पाठवलेस, अजित आगरकरला अक्कल शिकवलीस आणि ग्लास खाली ठेवता ठेवता भारताचा सर्वोत्तम संघही जाहीर करून टाकलास. सोलापूरच्या गाडीतून उतरलेल्या एखाद्या परक्या माणसाला वाटलं असतं, निवड समितीचं कार्यालयच मुंबईहून इकडं हललं.

तू मूर्ख असतास तर मी चहा संपवून मुकाट्यानं घरी गेलो असतो. मूर्खाला कोण रागावतं? दगडावर डोकं आपटून कुणाचं भलं झालंय? पण तू मूर्ख नाहीस. तीच तर माझी तक्रार आहे. शाळेच्या सामन्यांत स्कोअरबुक तुझ्या हातात असायचं. एक लेगबाय फलंदाजाच्या नावावर चढली आणि बेरीज जुळेना, म्हणून सगळे घरी गेल्यावर एकेक षटक पुन्हा मोजत बसलेला पोरगा तूच ना? डावखुरा आला की लाँग-ऑनचा माणूस कुठं सरकवायचा, हे आमच्या कप्तानाआधी तुला कळायचं. तो पोरगा कुठं गेला? टपरीवर बसलेला हा नुसता तोंडाळ गडी कोण?

क्रिकेटवर मत मांडू नकोस, असं मी म्हणतच नाही. मांड. पण मत आधी कमवावं लागतं. तू ते उधारीवर आणतोस. तेही निकाल लागल्यावर.

सामना सुरू असताना तुझं मत काय असतं? काहीच नसतं. "बघू या" असतं. "कायपण होऊ शकतं" असतं. शेवटचा चेंडू पडला, की मग तू उठतोस. मग तुला सगळं आधीपासून माहीत असतं. "मी म्हणलोच होतो." कधी म्हणालास? कुणाला म्हणालास? कुठं लिहून ठेवलंस? मेल्यावर नाडी बघणारा वैद्य आणि तू, दोघांत फरक काय?

२४ सप्टेंबर २००७ घे. जोहान्सबर्ग, पहिल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. शेवटचं षटक, पाकिस्तानला १३ धावा हव्यात, आणि धोनी चेंडू देतो जोगिंदर शर्माला. पहिला वाइड. पुढं एक षटकार. मग मिसबानं मागं उचललेला चेंडू श्रीशांतच्या हातात. आपण पाच धावांनी जिंकलो. आज तू म्हणतोस, "धोनीचं डोकं बघा, सर." बरं. तो फटका दहा हात पुढं पडला असता तर? धोनीचं डोकं तेच होतं. कारणं तीच होती. गोलंदाजही तोच. पण तू आज म्हणाला असतास, "जोगिंदरला देतात का कुणी?" मग तू मोजलंस काय? धोनीचा निर्णय, की श्रीशांतचा झेल?

याच्या उलट १९ नोव्हेंबर २०२३. अहमदाबाद. रोहित शर्मा ४७ वर मॅक्सवेलला उचलायला गेला आणि ट्रॅव्हिस हेडनं मागं पळत झेल घेतला. त्या दिवसापासून तुझं पालुपद एकच: "बेजबाबदार." अरे, त्याच स्पर्धेत आधीचे दहा सामने आपण ओळीनं जिंकलो. त्यांतल्या बहुतेक सामन्यांत तो पहिल्या षटकापासून असाच खेळला. तेव्हा त्याचं नाव "निर्भय क्रिकेट" होतं. अकराव्या सामन्यात हेडचे पाय जरा जास्त पळाले आणि निर्भयचं बेजबाबदार झालं. फटका तोच. शब्द तू बदललास. आणि बदलताना तुला लाजही वाटली नाही.

"सर, खेळात शेवटी निकालालाच महत्त्व." हे वाक्य तू माझ्यापुढं टाकू नकोस. निकालाला महत्त्व आहे तक्त्यात. निर्णय तपासायचा असेल तर तो घेतला त्या क्षणी काय माहीत होतं, ते बघावं लागतं. तुझे वडील जुलैत आडसाली ऊस लावतात. उजनीच्या पाण्याचा अंदाज, बेणं, कारखान्याची तोड, सगळं डोक्यात धरून लावतात. पुढं सोळा-अठरा महिन्यांत एखादं वादळ येऊन उभा ऊस लोळवून गेलं, तर वडिलांना तू बेजबाबदार म्हणशील? आणि शेजाऱ्यानं किडकं बेणं डोळे झाकून लावलं, तरी टनेज निघालं, तर त्याच्या पाया पडशील? नाही ना? बांधावर उभा असतोस तेव्हा तुला हे सगळं कळतं. टपरीवर आलास की ते बांधावरच राहतं.

लांबचं उदाहरण देतो, म्हणजे तुझे लाडके-दोडके मध्ये येणार नाहीत. अमेरिकेत बेसबॉल चालतो. तिथं संघाचा मॅनेजर सामना सुरू असताना चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, बदलू शकतो. २००३ साली बोस्टनचा मॅनेजर होता ग्रेडी लिटल. निर्णायक सामना, समोर न्यूयॉर्क, आठव्या डावात बोस्टन ५-२ नं पुढं. त्याचा सर्वोत्तम पिचर पेद्रो मार्टिनेझ दमला होता. लिटलनं त्याला काढलं नाही. न्यूयॉर्कनं बरोबरी साधली, अकराव्या डावात सामना नेला. लिटलची नोकरी गेली. लोक म्हणाले, "गाढवा, दमलेला माणूस दिसत नव्हता का?"

आता २०२०. टॅम्पा बेचा मॅनेजर केव्हिन कॅश. अंतिम मालिकेचा सहावा सामना. त्याचा पिचर ब्लेक स्नेल झकास टाकत होता. नऊ स्ट्राइकआउट घेतलेले, संघ १-० नं पुढं. आणि ७३ चेंडूंनंतर कॅशनं त्याला बसवलं, कारण तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर येणार होते आणि आकडे सांगत होते की तिसऱ्या फेरीत मार बसतो. नवा पिचर आला, लॉस एंजेलिसनं तिथंच आघाडी घेतली, ३-१ नं जिंकले आणि मालिकाही नेली. लोक म्हणाले, "गाढवा, चांगला चाललेला माणूस काढतात का?"

बघ. एकानं ठेवला, शिव्या खाल्ल्या. एकानं काढला, शिव्या खाल्ल्या. दोघांपैकी कुणाचं कारण पक्कं होतं, हा खरा प्रश्न. त्यावर रात्रभर वाद घालता येतो, आणि तो वाद घालायला अक्कल लागते. "हरला म्हणून गाढव" म्हणायला काय लागतं? तोंड. ते तुझ्याकडं आहेच.

आता हार्दिक पंड्यावर येऊ. दचकलास? दचकायलाच हवं. २०२४ च्या आयपीएलआधी मुंबईनं रोहितला काढून त्याला कर्णधार केलं. वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. १ एप्रिलला नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरला लोकांना जरा नीट वागा म्हणून सांगावं लागलं. आणि तू? तू इथं मोबाइलसमोर उभा राहून हुर्यो करत होतास. पडद्याला ऐकू जातं का रे?

मग आलं २९ जून. बार्बाडोस. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्यात. क्लासेनसमोर अक्षरच्या एका षटकात २४ गेलेल्या. तुझा चेहरा पांढराफटक पडला असेल. तिथं त्याच हार्दिकनं क्लासेनला काढलं. शेवटच्या षटकात १६ हव्या असताना चेंडू त्याच्याच हातात होता, मिलरचा उंच फटका सूर्यकुमारनं सीमारेषेवर झेलला आणि आपण सात धावांनी जिंकलो. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच हार्दिकच्या नावाचा घोष झाला. तुझ्या मोबाइलवर त्याचा रडतानाचा फोटो. खाली तू लिहिलेलं, "शेर." एप्रिलमध्ये कोण होता तो? तेव्हा तू कोण होतास? माफी मागितलीस का? निदान स्वतःशी तरी कबूल केलंस का, की आपण एका माणसाला तीन महिने फुकट शिव्या घातल्या? नाही. तू नुसता पाट बदललास आणि म्हणालास, "मी तर कायम सपोर्टच करत होतो."

हीच स्वतःची फसवणूक. दुसऱ्याला फसवणाऱ्याला निदान आपण फसवतोय हे ठाऊक असतं. तुला तेवढंही ठाऊक नसतं.

"पण सर, गंमत असते हो. कुणाचं काय बिघडतं?" ही तुझी सगळ्यांत आवडती पळवाट. तर ऐक. त्याच मोसमात, मार्च २०२४ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यात रोहित बाद झाला म्हणून एका वयस्कर माणसानं आनंद केला. ओळखीच्याच लोकांनी त्याला मारलं. तो गेला. टीव्हीवरच्या एका विकेटपायी. मारणाऱ्यांची गंमतसुद्धा अशाच गप्पांतून सुरू झाली असेल ना? तू हात उचलणार नाहीस, हे मला माहीत आहे. पण परवा धाकट्या पोरासमोर तू एका खेळाडूच्या आईचा उद्धार केलास. तो पोरगा तुझ्याकडं बघत होता. तुझ्यापासून तो काय शिकला, सांग.

दुसरी पळवाट: "मी रिचार्ज भरतो, मला बोलायचा हक्क आहे." हक्क आहेच की. कोण काढून घेतोय? पण रिचार्जमधून सामना मिळतो, समज मिळत नाही. आणि सामना तरी तू बघतोस का? खरं सांग. दहा षटकं सलग शेवटची कधी बघितलीस? तू तीस-चाळीस सेकंदांचे तुकडे बघतोस. षटकार, विकेट, मैदानावरचं भांडण. त्यावर कुणीतरी आरडाओरडा केलेला असतो, तो ऐकतोस आणि संध्याकाळी आमच्यापुढं ओकतोस. उष्टं मत वाढतोस आणि वर स्वयंपाक माझा म्हणतोस!

करुण नायरचं काय केलंस आठव. २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत त्यानं आपल्या विदर्भाकडून ७७९ धावा काढल्या. सरासरी ३८९.५०. तेव्हा तू टपरीवर टेबल बडवत होतास, "अन्याय! घराणेशाही! खेळवा त्याला!" खेळवला. २०२५ चा इंग्लंड दौरा, आठ डावांत २०५ धावा. लगेच तू काय म्हणालास? "याला घेतला कुणी?" तू! तूच घेतला होतास की! निवड समितीला निदान एकदा ठरवलेलं नाव कागदावर सही करून द्यावं लागतं. तुझ्या मागण्यांवर सही कुणाची असते? म्हणून तर त्या इतक्या स्वस्तात फिरतात.

प्रशिक्षकांचं तेच. अमोल मुजुमदार. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा आणि भारताकडून एकही सामना नाही. पदार्पणाच्या रणजी सामन्यातच २६० केलेला माणूस. २०२३ मध्ये तो महिला संघाचा प्रशिक्षक झाला. २०२५ च्या विश्वचषकात आपण दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे लागोपाठ तीन सामने हरलो. तेव्हा तुझा निवाडा मी ऐकलाय: "जो स्वतः भारताकडून खेळला नाही, तो काय शिकवणार?" मग उपांत्य फेरीत जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ केल्या. इंग्लंडविरुद्ध जिला बाहेर बसवली होती, तीच जेमिमा. ३३९ चा पाठलाग करून ऑस्ट्रेलियाला बाहेर काढलं. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपण विश्वचषक जिंकलो. आणि तू म्हणालास, "ज्यानं स्वतः दुःख भोगलं, तोच शिकवू शकतो."

वा रे पठ्ठ्या! भारताकडून न खेळणं हा आधी दोष होता, पंधरा दिवसांत तोच गुण झाला. मुजुमदार काही बदलला नव्हता. त्याच अंतिम सामन्यात हरमनप्रीतनं चेंडू शेफाली वर्माच्या हातात दिला, जिनं एकदिवसीय सामन्यांत क्वचितच गोलंदाजी केली होती. तिनं दोन बळी घेतले, म्हणून तू त्याला "मास्टरस्ट्रोक" म्हणतोस. तिला दोन षटकांत तीस पडल्या असत्या तर काय म्हणाला असतास, ते मी सांगायची गरज आहे का?

बरं, तुझ्या या महान अभ्यासात आपला जिल्हा कुठं आहे? शेजारच्या माळशिरस तालुक्यात मिरे नावाचं गाव आहे. तिथली किरण नवगिरे. २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिनं अरुणाचलविरुद्ध एका टी-ट्वेंटीत नाबाद १६२ केल्या. त्याच वर्षी भारताकडून खेळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक ठोकलं, महिलांच्या टी-ट्वेंटीतलं जगातलं सगळ्यांत वेगवान. जगातलं, म्हणतोय मी. तुझ्या टपरीपासून दुचाकीवर जाता येईल अशा गावातली पोरगी. तुझ्या तोंडून तिचं नाव एकदाही का आलं नाही? सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीनं २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध शतक केलं, तेव्हा तू कुठं होतास? कोहलीनं दाढी कशी कोरलीय ते बघत होतास?

आणि सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात सात डावांत ४३ धावा. वेगवान ट्रूमनचा चेंडू आला की लेगकडं सरकतात, असा शिक्का बसला. त्या वेळी तुझ्यासारखे टपरीवाले असणारच. त्यांनी उम्रीगरांना कायमचं निकालात काढलं असणार. त्याच माणसानं १९५५ मध्ये हैदराबादला २२३ करून भारताचं पहिलं कसोटी द्विशतक ठोकलं. १९५९ मध्ये त्याच इंग्लंडात, मँचेस्टरला शतक केलं. १९६२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला एकाच कसोटीत पाच बळी, ५६ आणि नाबाद १७२. शिक्का मारणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव आज तुला माहीत आहे का?

क्रिकेट सोडू. कुस्ती तर आपल्या मातीतली. जानेवारी २०२३, पुण्यात महाराष्ट्र केसरी. मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड. दोन्ही पोरं आपल्याच जिल्ह्यातली. महेंद्रच्या 'बाहेरली टांग' या डावाला चार गुण दिले आणि महाराष्ट्र पेटला. पंचाला धमकीचा फोन गेला, प्रकरण पोलिसात गेलं. तूही दिवसभर तीच चित्रफीत हळू करून सगळ्यांना दाखवत होतास. मी तुला तेव्हा विचारलं होतं, दोन गुण कधी आणि चार कधी? तू गप्प. नुसतं खाली आणून ताबा घेतला तर दोन. उभ्यावरून थेट पाठीवर, धोक्याच्या स्थितीत टाकला तर चार. म्हणजे सगळा वाद सिकंदरची पाठ त्या स्थितीत गेली की नाही, एवढ्याचाच. हे माहीत नसताना तू पंचाला चोर ठरवून मोकळा झालास. नियम वाचायला दहा मिनिटं लागली असती. चोर म्हणायला एक सेकंद लागला. तू एक सेकंदवाला रस्ता धरलास. तू कायम तोच धरतोस.

आणि टपरीवर जाहीर केलेला तो तुझा सर्वोत्तम संघ! त्यात मुंबई इंडियन्सचे सात जण. का? तर तू मुंबईवाला. बेसबॉलमध्ये ऑल-स्टार नावाचा सामना असतो, देशभरातले निवडक खेळाडू त्यात उतरतात आणि नावं ठरवायला प्रेक्षक मतं देतात. १९५७ साली सिनसिनाटीच्या लोकांनी भरभरून मतं टाकली. तिथल्या वर्तमानपत्रानं तर आपल्या खेळाडूंच्या नावांवर खुणा केलेल्या मतपत्रिकाच छापून वाटल्या. आठ जागांपैकी सात जागांवर सिनसिनाटीचेच खेळाडू. विली मेज आणि हँक आरोनसारखे बाहेर! शेवटी आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी दोघांना काढून मेज आणि आरोनला आत घेतलं आणि प्रेक्षकांचा मताचा हक्कच बंद केला. तो परत मिळाला १९७० मध्ये. सिनसिनाटीकरांना मेज कोण हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तुलाही माहीत आहे. माहीत असून डोळे मिटायचे, याला प्रेम म्हणत नाहीत. आळस म्हणतात. कारण दुसऱ्या संघातला चांगला माणूस शोधायचा, तर दुसऱ्या संघाचे सामने बघावे लागतात.

पद्माकर शिवलकर माहीत आहेत? प्रथम श्रेणीत ५८९ बळी. कसोटी एकही नाही. समोर बिशनसिंग बेदी होता. आता सांग, तू निवड समितीत असतास तर कुणाला काढलं असतंस? बेदीला? की दोन डावखुरे फिरकीपटू एकत्र खेळवले असतेस? मग फलंदाज कुणाचा कापला असतास? हं. आता कसा डोकं खाजवायला लागलास! निवड म्हणजे हेच. एक नाव आत घेताना दुसऱ्या कुणाच्या तरी घरी वाईट बातमी पाठवायची असते. तुझ्या संघात कायम चौदा जण असतात, आणि बाहेर कुणालाच काढायचं नसतं. असल्या संघाला संघ म्हणत नाहीत, जत्रा म्हणतात.

"वेळ कुठंय सर? एमआयडीसीतली ड्यूटी असते." ड्यूटी आठ तास. टपरी दोन तास. मोबाइल किती तास, ते त्यालाच विचार, तो खोटं बोलत नाही. "खेड्यात संधी कुठं, सर?" किरण नवगिरेला जाऊन सांग हे. "आम्ही खेळलो असतो, पण घरची परिस्थिती..." खेळ म्हणालंय कोण तुला? तुझा खेळ बेताचाच होता, ते मी तेव्हाही तोंडावर सांगितलं होतं. तुझी नजर चांगली होती. स्कोअरर लागतात, पंच लागतात, पोरांना फिल्डिंग लावून दाखवणारा कुणी लागतो. क्रिकेट संघटना पंचांच्या परीक्षा घेतात, हे मी तुला किती वेळा सांगितलं? दरवेळी तू "बघतो" म्हणालास. एवढं बघून बघून तुझे डोळे कसे दुखत नाहीत?

मला माहीत आहे तू हे का करतोस. प्रयत्न केला तर चूक निघू शकते. आधी बोललं तर खोटं ठरू शकतं. म्हणून तू नेहमी नंतर बोलतोस. निकालानंतर बोलणारा कधी हरत नाही. पण तो कधी जिंकतही नाही, हे तुझ्या लक्षात येतंय का? रोहित चुकला, हार्दिक चुकला, मुजुमदार चुकला, कॅश चुकला. सगळे चुकले, कारण सगळ्यांनी वेळेवर काहीतरी ठरवलं. तू एकटाच कधी चुकला नाहीस. कारण तू कधी काही ठरवलंच नाहीस.

तर आता ठरवायचं. दोन कामं सांगतो. "बघतो" म्हणालास तर याद राख.

पहिलं. वही घे. दोनशे पानी, साधी. पुढच्या सामन्याआधी, नाणेफेकीच्या आधी म्हणतोय, अकरा नावं लिही. प्रत्येक नावापुढं एका ओळीत कारण. "फॉर्मात आहे" हे कारण चालणार नाही. कुणाविरुद्ध, कुठल्या खेळपट्टीवर, कितव्या षटकात, ते लिही. ज्याला बाहेर ठेवलास त्याचंही नाव लिही, आणि का ठेवलास तेही. खाली तारीख टाक, सही कर. निकाल लागल्यावर खोडायचं नाही. निकाल विरुद्ध गेला तरी कारण बरोबर असेल तर मी पाठ थोपटीन. निकाल बाजूनं लागला आणि कारण भिकार असलं, तर कान धरीन. वही दर महिन्याला मला दाखवायची. तोपर्यंत टपरीवर तोंडाला कुलूप. चहा प्यायला ना नाही.

दुसरं. रविवारी सकाळी सातला शाळेच्या मैदानावर पोरं जमतात. पंच नसतो, म्हणून अर्धा वेळ भांडण्यातच जातो. येत्या रविवारपासून पंच तू. पायचीतचा नियम शनिवारी रात्री नीट वाचून ये. चेंडू कुठं पडला, पायाला कुठं लागला, स्टंपवर जात होता का, सगळं एका श्वासात ठरवायचं. अकरा पोरं घसा फोडून अपील करतील. फलंदाज तुझ्याकडं रडवेल्या तोंडानं बघेल. रिप्ले नाही, तिसरा पंच नाही, दुसऱ्या दिवशी बोलायची सोय नाही. बोट वर करायचं की नाही, ते तेव्हाच्या तेव्हा. आणि चुकलास, तर ती बारकी पोरं तुला तोंडावर शिव्या घालतील. त्यांनी त्या कुणाकडून शिकल्या, ते तुला माहीतच आहे.

सात म्हणजे सात. सव्वासातला आलास तर परत जायचं.